पुन्हा विचारा

टाळ चुकला म्हणून वसुधाताईंनी मागं वळून पाहिलं.

कथा ऐन रंगात आलेली असताना कीर्तनकारानं श्रोत्यांकडे पाठ करायची नसते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पण ओळीच्या शेवटी त्यांनी नेहमीसारखा श्वास घेतला आणि त्या श्वासावर मागून जो टाळ पडायचा, तो पडलाच नाही. ओळ तर बिनचूक होती. पाहतात तो टाळ धरणारे त्यांचे यजमान निवासराव पेटीवाल्याच्या खांद्यावर कलंडलेले. एक टाळ बोटात अडकलेला, दुसरा सतरंजीवर भिरभिरत हळूहळू निवत चाललेला. देवळातल्या माणसांना वाटलं, गृहस्थांचा डोळा लागला. पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलंसुद्धा.

मेंदूत रक्तस्राव झाला होता.

मिरजेत दवाखाने आणि तंबोरे दोन्ही पिढीजात. निवासराव माईणकर ज्या रुग्णालयात होते तिथले मेंदूचे डॉक्टर मुजावर म्हणजे या दोन्हींचा मिलाफ होते. वडील सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवायचे आणि मुलगा माणसांच्या मेंदूला कान लावून बसायचा. साठी उलटली तरी खिशात पेन, टॉर्च आणि कापसाचा बोळा घेऊन ते स्वतः खाटेपाशी येत. हाताखालचे तरुण डॉक्टर त्यांना आदरानं हसत, कारण ही हातानं करायची तपासणी आता सगळीकडून उठत चालली होती.

"ताई, घाबरू नका, थोडं दुखवणार आहे त्यांना," म्हणत त्यांनी निवासरावांच्या नखावर पेन आडवं धरून दाबलं. हात किंचित मागं सरला. मग पापणी उचलून बुबुळावर उजेड टाकला, कापसाचा धागा डोळ्याच्या कडेला टेकवला, दोन्ही हातांत डोकं धरून डावीउजवीकडे फिरवलं आणि डोळे कुठे जातात ते निरखून पाहिलं.

"कसं असतं बघा," ते म्हणाले, "बंद घर दिसलं की आपण आधी हाक मारतो. मग कडी वाजवतो, मग दार ठोठावतो. बेशुद्ध माणसाचं तेच. हाकेला डोळे उघडतो का, काही बोलतो का, दुखवल्यावर हात कसा हलवतो. तिन्हीचे गुण द्यायचे. पंधरा म्हणजे तुमच्याआमच्यासारखा जागा. कमीत कमी तीन."

"शून्य नाही?"

"नाही. मेलेल्यालाही तीन मिळतात. आमच्या परीक्षेत नापास कुणी होत नाही, ताई."

"ह्यांना?"

"सहा."

वसुधाताईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. मुजावर टॉर्च खिशात ठेवत म्हणाले, "पण हे झालं बाहेरून. दार वाजवलं आणि आतून ओ आली नाही, तर घरात कुणी नाही असं होत नाही. आतला माणूस उठू शकत नसेल. आजवर दर चार-पाच घरांमागं एका घरात आम्ही असं कुणाला तरी सोडून येत होतो. म्हणून तर हिला आणली."

ही म्हणजे साक्षी.

*

साक्षी दिसायला अगदीच साधी होती. डोक्यावर चढवायची बारीक तारांची जाळी, उशाशी एक पडदा, आणि एक शांत बायकी आवाज. माणूस हात हलवायचं नुसतं मनात आणतो तेव्हाही मेंदूचा हात हलवणारा भाग थोडासा चेततो. ओळखीच्या घरात फिरल्याची कल्पना केली, तर वाटा लक्षात ठेवणारा वेगळा भाग चेततो. एकाला 'हो' ठरवायचं, दुसऱ्याला 'नाही'. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा. तो जे मनात आणेल ते पडद्यावर उमटतं, 'हो'ला हिरवी पट्टी आणि 'नाही'ला निळी.

ती चालवायला डॉ. तन्वी हेरवाडे होती, चटपटीत, गोड बोलणारी, मुजावरांचीच विद्यार्थिनी. तिनं विचारलं, "काकांच्या हाताला सगळ्यांत जास्त सवय कशाची?"

"टाळाची," वसुधाताई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "मी कीर्तनाला उभी राहते, हे मागं टाळ धरतात. मी ओळ सोडली की टाळ मारून ओळ उचलायची. लग्नाआधी बुवांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मागं धरायचे. लग्नानंतर माझ्या."

"वा! मग 'हो' म्हणजे टाळ. आणि 'नाही' म्हणजे उठून आपल्या घरातनं फेरफटका."

तन्वीनं स्वतःच्या आवाजात सांगून पाहिलं. टाळ वाजवा म्हटल्यावर हिरवी पट्टी अशक्तपणे हलली, घरात फिरा म्हटल्यावर निळीही तशीच हलली. पण परक्या आवाजाला मेंदू फार हळू ओ देतो. इतक्या क्षीण उत्तरावर साक्षी शिक्का मारत नाही. प्रश्न जवळच्या माणसानं विचारायचा असा नियमच होता.

"खणखणीत विचारा, काकू. सावकाश. आणि विचारून झालं की थांबा."

"म्हणजे कीर्तनात बोलते तसं?"

"अगदी तसंच."

वसुधाताईंनी डोळे मिटले. आवाज आपोआप पोटातून आला, शेवटचा शब्द नेहमीसारखा लांबला. "अहो, मी बोलतेय ते ऐकू येतंय का-?" आणि त्या थांबल्या.

हिरवी पट्टी कारंज्यासारखी उसळली. "हो," साक्षी म्हणाली.

वसुधाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या दत्ताला हात जोडले, मुजावरांना जोडले, तन्वीला जोडले आणि शेवटी न राहवून त्या पडद्यालाही जोडले. संध्याकाळी सबंध मजल्यावर कंदी पेढे वाटले.

शेजारच्या खोलीत बेडगचा बाळासाहेब खोत होता. त्याची आई, आक्काताई, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची धडक बसून पडलेली. बाळासाहेब धिप्पाड गडी, पण आईचे केस स्वतः विंचरायचा. पेढा हातात घेऊन म्हणाला, "आमच्या आईचं बी साक्षीवर चालू केलंय, ताई. बोलती माझ्यासंगं. काय बी विचारा, हो म्हणती."

"देवाची कृपा."

"कृपा कसली, माझी आईच तशी. मला कधी न्हाई म्हणलीच न्हाई बघा जन्मात."

*

पुढचे आठवडे वसुधाताईंच्या आयुष्यातले विचित्र सुखाचे होते. निवासरावांचे डोळे आता उघडत, पण कुणावर ठरत नसत. गळ्यातल्या नळीतून श्वास यंत्राच्या आधारानं चाले. आणि तरी रोज सकाळी जाळी चढवली की नवरा बोलायचा. भजन म्हणू का? हो. खिडकी उघडू का? हो. कधी कधी साक्षी म्हणे, "उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा." मग त्या घसा साफ करून तेच पुन्हा, अधिक घोळवून विचारत आणि हिरवी पट्टी वर येई.

"गंमत आहे हो डॉक्टर," त्या एकदा मुजावरांना म्हणाल्या. "घरात ह्यांचं नि माझं कशावर म्हणून जमलं नाही. मी पंखा लावला की हे बंद करणार. मी आमटी आंबट केली की ह्यांचं तोंड वाकडं. आणि आता बघा, हो हो हो!"

मुजावर हसले, पण त्यांचा हात सवयीनं निवासरावांच्या मनगटाशी गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. नाडीचं यंत्र समोर चालू असताना ते हात का धरून बसतात, हे तन्वीला कधी कळत नसे.

मुलगी मैथिली बंगळूरहून आली होती. ती तिथं वादळांचा माग काढणाऱ्या संस्थेत होती, काम मनापासून आवडायचं. लहानपणी गळा गोड म्हणून आईनं तिला कीर्तनाला उभं करायचा घाट घातला, तेव्हा "तिला तिचं बघू दे" म्हणून आड आले ते बाबाच. आता बाबा असे पडलेले, आई एकटी, कीर्तनांची निमंत्रणं परत जायला लागलेली. एका सकाळी वसुधाताईंनी विचारलं, "अहो, मैथिलीनं नोकरी सोडून इकडं यावं, बुवांची गादी चालवावी, असं तुम्हाला वाटतं का-?"

"उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा."

त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

मैथिली बराच वेळ बापाच्या उघड्या डोळ्यांकडे पाहत राहिली. "तुम्हीसुद्धा, बाबा?" एवढंच म्हणाली आणि आठवड्यात राजीनामा देऊन आली.

*

मग ताप आला. उतरला, पुन्हा आला. पाठीला जखमा झाल्या. तन्वी गोड आवाजात म्हणाली, "काकू, आता नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारावा लागेल. सगळ्यांनाच विचारतात."

कायदा नवा होता आणि करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पूर्वी बेशुद्ध माणसाचं काय करायचं ते नातेवाईक ठरवत. कुणी जमिनीपायी वर्षानुवर्षं यंत्रावर ठेवत, कुणी त्याच जमिनीपायी घाईनं काढून घेत. जे प्रेमानं ठरवत, ते पुढं जन्मभर स्वतःला खात. साक्षी आल्यावर शेवटचा शब्द रोग्यालाच द्यायचा ठरलं. तीन बैठकांत तीन वेळा 'हो' आलं की यंत्रं काढायची. दुसऱ्या बैठकीनंतर नातेवाइकांना मागं फिरता येत नसे, म्हणजे कुणी आपल्या मायेपायी रोग्याला अडकवून ठेवणार नाही.

"विचारा की," वसुधाताई मैथिलीला म्हणाल्या. "नाही म्हणतील, झालं."

त्यांनी विचारलं. नेहमीसारखं, पोटातून, थांबून. "अहो, तुम्हाला आता यातून सुटायचंय का-?"

हिरवी नाही, निळी नाही. "उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा."

त्यांनी एकदा दत्ताच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पण पुन्हा विचारलं.

"हो," साक्षी म्हणाली.

त्या दिवशी वसुधाताई देवापाशी बसून राहिल्या. सुटायचंय त्यांना, आपण कोण अडवणार, असं मनाशी म्हणत राहिल्या. दुसऱ्या बैठकीलाही तेच झालं. आधी अस्पष्ट, मग हो. तिसरी बैठक सोमवारी सकाळी ठरली.

*

रविवारी दुपारी मैथिली खोलीतच बसून ध्रुवाचं आख्यान शिकत होती. रोजची जाळी डोक्यावर तशीच होती, पडदा चालू होता. कुणी काही विचारत नव्हतं. वसुधाताई ओळ सांगायच्या, थांबायच्या, मैथिली उचलायची.

"आई," मैथिली मध्येच म्हणाली, "तू थांबतेस ना, तेव्हा ती हिरवी पट्टी वर येते बघ."

वसुधाताईंनी पाहिलं. खरंच, प्रत्येक विरामावर पट्टी अचूक उसळत होती. निवासराव टाळ धरत होते.

दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालू दे," वसुधाताई म्हणाल्या आणि पुढं सरकल्या. जागरणानं डोकं ठिकाणावर नव्हतं. "ध्रुवाची आई सुरुची-" म्हणून त्या थांबल्या.

पट्टी हलली नाही.

पडदा पाहायच्या आधीच त्यांना ते जाणवलं. पाठीमागं पोकळी जाणवते तसं, तीस-पस्तीस वर्षं कळायचं तसं. "चुकलं," त्या पुटपुटल्या. "सुरुची सावत्र आई. सुनीती म्हणायचं होतं." आणि पडद्याकडे पाहू लागल्या.

"काय झालं, आई?"

उत्तर न देता त्यांनी तेच चुकीचं वाक्य मुद्दाम पुन्हा म्हटलं. "ध्रुवाची आई सुरुची-"

हिरवी पट्टी उसळली.

"मैथिली," त्यांचा आवाज कुजबुजण्याइतका खाली आला, "प्रश्नांचं चालू कर ते यंत्र."

मैथिलीनं कळ दाबली. वसुधाताईंनी कीर्तनाच्या आवाजात विचारलं, "अहो, चातुर्मासात कांदाभजी तळू का-?"

"उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा."

पुन्हा विचारलं. "हो."

"अहो, तुमचं नाव गजानन ना-?"

"उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा."

पुन्हा. "हो."

"अहो, तुमचं नाव निवास ना-?"

"हो," साक्षी ताबडतोब म्हणाली.

मैथिली आईकडे पाहत होती. वसुधाताईंनी खाटेची दांडी घट्ट धरली. "बुवांची शिकवण आहे ही," त्या म्हणाल्या. "कीर्तनकार चुकला तर टाळकऱ्यानं टाळ रोखायचा. एकदाच. तेवढ्यानं उभं राहणाऱ्याला कळतं आणि श्रोत्यांना कळत नाही. पण त्यानं तेच पुन्हा म्हटलं, तर टाळ द्यायचा. भर सभेत त्याला उघडं पाडायचं नाही. ह्यांनी आयुष्यात हा नियम मोडला नाही. मला एकदा खुणवायचे. मी हट्टानं तेच म्हटलं तर साथ द्यायचे, आणि मग घरी आल्यावर भांडायचे."

"म्हणजे पहिल्यांदा अस्पष्ट..."

"म्हणजे नाही."

"मग ती निळी पट्टी? नाही म्हणायला ती दिलीय ना त्यांना?"

"उठून घरात फिरायचं! अगं, मी उभी असताना, माझा आवाज चालू असताना, हे टाळ टाकून उठून चालते होतील का? मनात तरी आणतील का?"

मैथिली भिंतीला टेकली. "माझ्या नोकरीच्या वेळी अस्पष्ट आलं होतं."

"हो."

"आणि सुटायचंय का विचारलंस, दोन्ही वेळा..."

वसुधाताईंनी नवऱ्याच्या उघड्या, कुठंच न पाहणाऱ्या डोळ्यांवर हात ठेवला. "दोन्ही वेळा नाही म्हणाले गं. आणि मी पुन्हा विचारलं."

*

मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तन्वीला विचारलं, "किती जणांचं पहिलं उत्तर अस्पष्ट येतं?"

"बहुतेकांचं येतं, सर. मोठ्या प्रश्नाला तर जवळजवळ सगळ्यांचं. मेंदूला वेळ लागतो असं धरतो ना आपण."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा..." तन्वी थांबली. "दुसऱ्यांदा हो येतं."

मुजावर खुर्चीत बसले. यंत्रं काढायला त्यांनी सही दिलेल्या माणसांची तोंडं एकामागून एक त्यांच्या समोरून जात असावीत, कारण ते भिंतीकडे बघत होते आणि भिंतीवर काही नव्हतं.

"उद्याची बैठक थांबवा, डॉक्टर," वसुधाताई म्हणाल्या.

"मला ते अधिकार नाहीत, ताई. माझ्या हातच्या तपासणीला आता पुरावा मानत नाहीत आणि तुमची हरकत तर कायद्यानंच बाद केलीय. उद्या उत्तर त्यांच्याकडूनच यायला हवं. निळं."

"मी विचारलंच नाही तर?"

तन्वी खाली मान घालून म्हणाली, "तर साक्षी विचारेल, काकू. इतक्या दिवसांत तुमचा आवाज तिनं शिकून घेतलाय."

*

सोमवारी खोलीत ऊन आलं होतं. कायद्यानं नेमलेल्या समितीचे दोन गृहस्थ भिंतीशी उभे होते, सभ्य, हळू बोलणारे. मैथिली बापाच्या पायाशी होती. वसुधाताई जरीकाठी नऊवारी नेसून आल्या होत्या, कीर्तनाला नेसत तीच. हातात निवासरावांचे टाळ आणि ते बांधायचं तांबडं फडकं. तन्वीला वाटलं, बाई निरोपाच्या तयारीनं आल्यात.

त्यांनी प्रश्न एकदा विचारला.

"उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा."

वसुधाताई गप्प राहिल्या.

"काकू, विचारा."

खोलीत श्वासाचं यंत्र तेवढं चालू होतं. मग पडद्यावरची खूण बदलली, आणि त्यांचाच आवाज पडद्यातून आला. पोटातून आलेला, भरदार, शेवटचा शब्द लांबवणारा. तरुणपणी होता तसा, आताच्याहून जरा सरसच.

"अहो, तुम्हाला आता यातून सुटायचंय का-?"

आणि तो आवाज अगदी त्यांच्यासारखाच थांबला.

त्या विरामात वसुधाताईंनी टाळ उचलले. कीर्तनाच्या शेवटी, आरती होऊन गेल्यावर वाजवतात तसे तीन ठोके दिले, एक लांब आणि दोन आखूड, आणि टाळ दाबून नाद मारला. चढू लागलेली हिरवी पट्टी अर्ध्यातच अडखळली आणि खाली बसली.

"झालं हो कीर्तन," त्या म्हणाल्या. टाळ फडक्यात गुंडाळले, गाठ मारली आणि बोचकं निवासरावांच्या छातीवर ठेवलं. "ठेवले बघा टाळ. माणसं गेली सगळी."

समितीतले एक जण पुढं सरसावले. मुजावरांनी नुसता हात आडवा केला.

वसुधाताई खाटेच्या कडेला बसल्या. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि स्वयंपाकघरातून ओरडतात तशा, जराशा वैतागलेल्या, बिनसुराच्या आवाजात म्हणाल्या, "काय हो, उगीच मी म्हणते म्हणून मान डोलवू नका. कंटाळलात का? जायचंय का मला सोडून?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पहिल्या दिवसानंतर कधीच न हललेली निळी पट्टी थरथरली, थांबली आणि वर चढू लागली. कुणीतरी चपला काढून ओटीवरून माजघरात, माजघरातून परसदारी, एकेक दार उघडत चालला असावा, तशी ती चढत राहिली.

"नाही," साक्षी तिच्या शांत आवाजात म्हणाली.

मैथिलीनं बापाचे पाय छातीशी धरले. "भांडले," वसुधाताई हसत-रडत म्हणाल्या, "भांडले बाई एकदाचे!" तन्वी तोंडावर हात ठेवून उभी होती. समितीतल्या गृहस्थांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बैठक रद्द झाली असं त्यांतल्या एकानं हळूच सांगितलं.

मुजावर मात्र हसत नव्हते. ते दाराकडे पाहत होते. "तन्वी," त्यांनी विचारलं, "आज आणखी कुणाची बैठक आहे?"

तन्वीचा हात तोंडावरून खाली आला. "शेजारी, सर. समितीची दुसरी जोडी तिकडं आहे. आक्काताईंची तिसरी."

वसुधाताई आधी उठल्या. नऊवारीचा ओचा सावरत त्या बोळातून जवळजवळ धावल्या. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून साक्षीचा तोच शांत, मायाळू आवाज येत होता.

"उत्तर अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा विचारा."

"थांबा!" वसुधाताईंनी दार ढकललं. "बाळासाहेब, पुन्हा विचारू नका!"

पण बाळासाहेब आईच्या कानाशी वाकला होता, एका हातात तिची वेणी, आणि तोंडातून शब्द निघून गेले होते. "आई, तुला सोडवू का गं?"

हिरवी पट्टी झपकन वर गेली. किती पटकन! लहान लेकरानं हात पुढं केला की आईचा हात डब्याकडं जातो, तशी.

"हो," साक्षी म्हणाली.

समितीतल्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. बाळासाहेबानं डोळे पुसत दाराकडे मान वळवली आणि धापा टाकणाऱ्या वसुधाताईंना पाहून तो समजूत घालावी तसा म्हणाला, "रडू नका, ताई. तिच्या मनासारखंच झालं. हो म्हणली बघा. मला कधी न्हाई म्हणलीच न्हाई."